चिमा, अकरा डबे

खालापूरच्या त्या फळांच्या कारखान्यात सकाळी सगळ्यांत आधी बोलायची ती भिंतीवरची बाई. बाई कसली, पंख्याशेजारी टांगलेला काळा भोंगा तो. पण आवाज बाईचा होता, आणि तोही जन्मात कधी उन्हात न गेलेल्या बाईचा. आवळ्याला ती 'अवला' म्हणायची, मैनाला 'माइना', आणि 'डबे' हा शब्द तर असा उच्चारायची की आत फळांचा गर नसून अत्तर भरलंय असं वाटावं. कामाला हात लागण्याआधी ती आदल्या दिवसाची यादी वाचायची. एक नाव. मग जरा थांबणं. मग आकडा. की पुढचं नाव.

तिला बोलतं केलं होतं सुनितानं. दहिवलीची सुनिता, कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणारी. कर्जतला स्टेशनाजवळच्या क्लासात शिकलेली, लग्नानंतर बरेच अर्ज टाकून टाकून शेवटी इथल्या काचेच्या केबिनमध्ये येऊन बसलेली. केबिन म्हणजे शेडच्या कोपऱ्यात उभी केलेली काचेची पेटीच, मासे पाळायला असते तशी. बाहेरून बायका आत बघायच्या आणि आतून सुनिता बाहेर. स्वभावानं गरीब, पण बेरजेच्या बाबतीत हट्टी. सासू शेजारणीला सांगायची, "आमच्या सुनेला भाजीत मीठ कमी पडलं तर कळत नाय, पन बेरजेत एक कमी पडला का घास अडकतो तिचा."

भोंग्याची कल्पना मात्र ऋतिकची. ऋतिक म्हणजे मालकाचा भाचा. पुण्यात शिकून आलेला, आणि 'बेसिकली' म्हटल्याशिवाय साधी खुर्चीसुद्धा न ओढणारा. बायकांच्या कामाची यादी त्याला टीव्हीवर लावायची होती. सुनितानं हळूच सांगितलं, की सर, यांच्यातल्या निम्म्यांना वाचता येत नाही. तेव्हा तो म्हणाला, बेसिकली मग ऐकवू या ना. आणि यादी कशाची, तर जे फाटकातून बाहेर गेलं त्याची. आत पडून राहिलेला माल म्हणजे बेसिकली माल नाहीच. सुनितानं मान हलवली आणि तसं करून दिलं.

भोंगा पहिल्यांदा बोलला तो जेठात, ऐन जांभळांच्या दिवसांत. डोंगराखालच्या वाडीतल्या बायका तेव्हा कोपरापर्यंत जांभळ्या असायच्या. पहिल्याच सकाळी भोंग्यातल्या बाईनं 'चीऽमा' असं ओढून नाव घेतलं आणि थांबली. टेबलाच्या टोकाला बसलेल्या चिमानं मान वर केली, भोंग्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली,

"हाय गं बाय, मेले नाय अजून."

शेडभर हसू पसरलं. तेव्हापासून रिवाजच पडला. नाव आलं की ओ द्यायची. मैना जांभई देतच 'हाऽऽय' म्हणायची. सोनुबाईचं एकदा म्हणून भागायचं नाही म्हणून 'हाय, हाय' असं दोनदा, म्हणजे वर आंगठा लावल्यासारखं. रिया नावाची एक तरणी पोर फोन उचलल्यासारखं 'हां, बोला' म्हणायची. आणि चिमाचं ठरलेलं, रोज तेच, रोज तेवढ्याच गंभीर तोंडानं. सुपरवायझर मनोज सुरुवातीला चिडला. हा माणूस प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'समजलं का' लावायचा. चहा घेतानाही 'साखर जास्त पडली, समजलं का' असं कपालाच सांगायचा. पण बायका ओ देऊन झाल्यावर हसत कामाला लागतात हे बघून तोही गप्प बसला.

चिमाची आणखी एक खोड होती. डब्याचं झाकण बसवलं की हातमोजा काढून ते आंगठ्यानं दाबून बघायची. पांढऱ्या झाकणावर जांभळा आंगठा. मनोज ओरडायचा, स्वच्छता म्हणून काही असते, समजलं का. ती म्हणायची, मोज्याला काय कळतं रं, झाकान बसलं का नाय ते. 

जेठ सरता सरता एकदा ती केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. आत पाय टाकला नाही. हात जांभळे होते म्हणून नुसतं डोकं आत घातलं.

"बाय, ती भोंग्यातली माझे डबे खाती. मी भरते येवढे, आन ती सांगती तेवढे."

सुनिताला हसू आलं. तेवढ्यात फोनही वाजत होता. ती म्हणाली, "येतील गं, कुठं जातात."

चिमा गेली. सुनिताच्या ते डोक्यातूनही गेलं.

मग पाऊस आला. पावसात कारखाना अर्धा झोपतो. बायका लावणीला जातात आणि भोंग्यावर कोळी जाळं विणतो. भादव्यात एके दिवशी शुक्रा टेम्पो घेऊन आला. शुक्रा हा बायकांना फाट्यावरून आणणारा ड्रायव्हर. जगात काहीही होवो, त्याचा आवाज एकाच पट्टीत चालायचा. उतरता उतरता तो सुनिताला म्हणाला, "पुढचं चाक बदललं. चिमा वारली तापानं." आणि टेम्पो धुवायला गेला.

दिवाळीनंतर आवळ्याचं काम निघालं तेव्हा टेबलाच्या टोकाला चिमाच्या जागी तिची पोरगी बसली. पारू. अंगानं आईसारखीच काटक, पण बोलणं जवळपास नाहीच. नाव आलं की 'हाय' म्हणायची, आणि ते आपलं आपल्यालाच.

चांगलं चाललं होतं. एका सकाळी भोंग्यातल्या बाईनं मैना घेतली, सोनुबाई घेतली, पारू घेतली. आणि म्हणाली,

"चीऽमा."

आणि थांबली.

ती नेहमीच थांबायची. सुनितानंच ते थांबणं बसवलं होतं, म्हणजे बायकांना ओ द्यायला फट मिळावी. पण त्या फटीत कोणी काही बोललं नाही. पंख्याचं एक पातं कशाला तरी घासत होतं ते सगळ्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. पारूच्या हातातला आवळा हातातच राहिला.

"अकरा डबे," बाई म्हणाली. तशीच, अत्तराच्या सुरात.

कोणी किंचाळलं वगैरे नाही. सोनुबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, एवढंच. केबिनमध्ये सुनिताच्या चहावर साय धरली. तिनं सगळं तपासलं. तारीख कालचीच होती. यादी जुनी नव्हती. दुसऱ्या दिवशी परत चिमा आली, आकडा वेगळा. तिसऱ्या दिवशी नाही आली, बायकांनी श्वास सोडला. चौथ्या दिवशी आली.

मग गोष्टी सुरू झाल्या. मैना म्हणाली, सकाळी टोकाचं टेबल ओलं असतं. रिया म्हणाली, मोरीत जांभळं पाणी दिसलं. आवळ्याच्या दिवसांत जांभळं पाणी कुठून येणार? सोनुबाईचं म्हणणं साधं होतं, की आपण गेलो की ती येते आणि भरून जाते; मेली तरी हात कुठं बसतात तिचे. मनोजनं सगळ्यांना गोळा करून समजावलं, की ते मशीन हाय, मशीनला काय भूत दिसतं का, समजलं का. पण बोलताना तो टेबलाच्या या टोकाला उभा होता, आणि त्या टोकाला जायची वेळ आली की त्याला नेमका फोन यायचा.

सुनिता भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. निदान केबिनमध्ये तरी नव्हती. पण घरी मिक्सर बंद झाला की ती आकडा ऐकू येईल म्हणून थांबायला लागली. फोनवरची बाई 'आपण डायल केलेला क्रमांक' म्हणून पुढं श्वास घ्यायची, तेवढ्या श्वासातही हिच्या मानेवर काटा. दूध दोनदा उतू गेलं. सासूनं गॅस बंद केला आणि विचारलं, कोण हाक मारतंय गं तुला? सुनिता म्हणाली, कोणी नाही. आणि ते खोटं आहे हे तिचं तिलाच कळलं.

शेवटी ती ऋतिककडे गेली. तो म्हणाला, बेसिकली सोपं आहे, मेलेल्या माणसाचं नाव लिस्टमध्ये कशाला ठेवलंय? नावांच्या तक्त्यात गेल्याची तारीख टाका, आणि त्या तारखेच्या पुढं नाव घ्यायचंच नाही अशी चाळणी लावा. सुनितानं तसं केलं. भादव्यातली ती तारीख टाकताना तिचं बोट जरा अडलं, पण टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्यातल्या बाईनं मैना घेतली. सोनुबाई घेतली. पारू घेतली. मग नाव घ्यायला थांबली.

नाव आलं नाही.

थांबणं होतं, तेवढंच, तेवढ्याच लांबीचं. त्यात फक्त तो पंखा. मग बाई म्हणाली,

"नऊ डबे."

आता मात्र सोनुबाई उठली. तिच्यामागून मैना.  टोप्या काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि फाटकाबाहेर जाऊन टेम्पोत बसल्या. पारू सगळ्यांत शेवटी उठली. जाताना केबिनच्या काचेतून तिनं सुनिताकडे बघितलं, ते बघणं सुनिताला सहन झालं नाही म्हणून ती कॉम्प्युटरकडे वळली. पडद्यावर नऊच्या डाव्या बाजूला रिकामा चौकोन होता.

ऋतिक म्हणाला, बेसिकली ती रिकामी ओळच लपवा. लपवली, तर बेरीज गाडीत चढलेल्या मालाशी जुळेना, आणि फाटकावरचा माणूस बोंबलत आला. म्हणजे ते नऊ डबे खरे होते. कोणीतरी भरलेले होते. फक्त भरणारं कोणी नव्हतं.

मनोजनं दुपारीच सांगून टाकलं: शनिवारपर्यंत वाडीतल्या बायका आल्या नाहीत तर घाटावरची टोळी आणायची, तिकडच्या मुकादमाशी बोलणं झालंय. फळ कोणासाठी थांबत नाही, समजलं का. वाडीला आवळ्याच्या दोन महिन्यांचं तेवढंच तर काम. सुनिताला सगळं समजलं. तिच्या हातानं बसवलेल्या एका थांबण्यानं वाडीचं काम जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी सुनिताही शुक्राच्या शेजारी बसली, आणि टेम्पो फाट्यावर उभा राहिला. तिथं रोज बायकांचा घोळका असायचा, आज एक कुत्रं होतं. शुक्रानं हॉर्न दिला. कुत्रं उठून गेलं.

"नाय येत," शुक्रा म्हणाला. "गाडी वळवू?"

सुनिता म्हणाली, वर घ्या, वाडीवर.

वाडीवर ती पहिल्यांदाच आली होती. पारू अंगणात करवंटीनं तवली घासत होती. तिनं उठून चटई टाकली, पाणी दिलं, आणि परत घासायला बसली. सुनितानं मनातल्या मनात बरंच जुळवून आणलं होतं, की मशीन कसं चालतं, चूक कशी होते. ते सगळं बाजूला ठेवून ती शेवटी म्हणाली, की मी नाव काढलंय तिचं, आता नाही यायचं ते.

पारूचा हात थांबला.

"नाव व्हतं तवा आय व्हती," ती म्हणाली. "भ्या वाटायचं, पन आय व्हती. आता नाव काढलंस. मंग आता कोन हाय तिथं?"

 पारू तवलीकडे बघून बोलत राहिली, तिच्या मानानं खूपच. म्हणाली, वाडीत सगळ्यांना म्हाईत हाय ती कशापायी येते. जेठात रोज घरी येऊन बडबडायची. त्या भोंग्यातल्या बाईनं माझे डबे दाबून ठेवलेत, म्हनायची. म्याडमला सांगितलं, तर म्याडम म्हनली येतील. मरताना तापातसुदा तेच. "माझे डबे. माझे डबे. ते घ्यायलाच आली असंल."

येतील गं, कुठं जातात.

सुनिताला ते वाक्य स्वतःच्याच आवाजात ऐकू आलं, फोनची रिंग मागं वाजत असलेलं. आणि त्यासोबतच, आकडे जुळताना डोक्यात जी एक बारीक टिकली वाजते ती वाजली. जेठात चिमाचे डबे कमी येत होते. कार्तिकात नको तिथं येत होते. मधे ते होते कुठं?

तिच्याकडे तीन तक्ते होते. एकात कुठला डबा कोणी आणि कधी भरला. दुसऱ्यात कुठला डबा फाटकातून कधी बाहेर पडला. तिसऱ्यात बायकांची नावं. झाकणावरचा नंबर पहिल्या दोघांना बांधून ठेवायचा आणि भरणारीचं नाव तिसऱ्याला. 'काल' ही तारीख तिनं विचारली होती ती दुसऱ्या तक्त्याला, बाहेर पडण्याच्या. आणि नाव येत होतं पहिल्यातून, मग तिथं काल असो की जेठ. दरवर्षी भरलेलं त्याच दिवशी जायचं, म्हणून दोन्ही तारखा जुळ्या बहिणींसारख्या एकाच झग्यात. पण यंदा मालकांनी मागच्या अंगाला बर्फाची खोली बांधली होती. जांभळं उदंड आली होती, आणि त्या खोलीत जो माल गेला, बहुतेक चिमाच्या टोकाचा, त्याला बाहेर पडायची तारीखच नव्हती. तो भोंग्यातल्या बाईला दिसतच नव्हता. आता मागणी आली तशी खोली उघडली होती.

सुनिता उठून उभी राहिली. म्हणाली, "पारू, चल माझ्याबरोबर. आई कुठं आहे ते दाखवते."

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. पण पारूनं तवली पालथी घातली, हात पुसले आणि आली.

बर्फाच्या खोलीचा राजा धाकलू. पोशीरचा म्हातारा. बाहेर ऊन रखरखत असताना माकडटोपी, मफलर आणि दोन स्वेटर घालून बसलेला असायचा, त्यामुळे त्याचं बोलणं गोधडीखालून आल्यासारखं यायचं. त्यानं दोघींना जाड कोट दिले आणि सांगितलं, आत तोंड उघडू नका, दात गार पडतात. मग स्वतःच बोलत बोलत आत शिरला. दार मागं धप्पकन लागलं. पंख्यांची घरघर, आणि तोंडातून निघालेली वाफ डोळ्यांसमोर तरंगत राहणारी.

"पुढचा माल दुसऱ्याचा, ठेवायला दिलेला, बायांनो. जांभूळ पार मागं. मी रोज सकाळी थोडे काढतो. हात असे व्हतात बघा." त्यानं मोजा काढून दाखवला. तळवा जांभळा होता. "झाकनाचं लागतं. मंग तिकडं मोरीवर जाऊन धुतो, न टेबलावर टेकवून नंबर लिवून घेतो."

मोरीतलं पाणी. ओलं टेबल. सुनितानं पारूकडे बघितलं, पण पारू ऐकत नव्हती.

ती मागच्या भिंतीकडे बघत होती. खालपासून छतापर्यंत पांढरे डबे, आडवे रचलेले, झाकणं बाहेरच्या बाजूला. सगळ्यांवर बर्फाची पांढरी खर धरलेली. आणि जवळपास प्रत्येक झाकणावर, खरीच्या आतून दिसणारा एक जांभळा आंगठा. काही सरळ, काही तिरके, एखादा घसरलेला. भिंत भरून. जणू बाई आत्ताच इथं होती आणि झाकण बसलं का ते बघत बघत वरपर्यंत चढून गेली.

धाकलू बोलायचा थांबला. सगळ्यांची तोंडं उघडीच राहिली आणि दात गार पडले.

पारूनं कोटाच्या बाहीतून हात काढला. एका झाकणावर, त्या आंगठ्याच्या अगदी शेजारी, आपला आंगठा टेकवला. खर विरघळली तशी बोटाखाली जांभळा ओघळ सुटला. तिनं हात मागं घेतला नाही, गारठ्यानं चिकटेपर्यंत.

"येत नाय ती," पारू म्हणाली. वाफेतून आवाज बारीक आला. "ती हितंच हाय. जाती हाय, थोडी थोडी."

बाहेर आल्यावर दोघींनी उन्हात कोट उतरवून धाकलूला दिले. मग पारूनं अट घातली. काय घालायची ती एकच. म्हणाली, नाव काढू नको. खोटं नको. जेठात तिनं खरंच किती भरले, तो सगळा आकडा एकदा तुझ्या त्या बाईला बोलू दे. सगळ्यांसमोर. "मंग मी आनते बायकांना."

सुनितानं त्या दिवशी तक्ते उलटे विचारले. 'कोणी भरलं' हा प्रश्न आता भरणीच्या तारखेला, आणि 'काय गेलं' हा प्रश्न बाहेर पडण्याच्या. दोन याद्या, दोन तारखा, एकमेकींच्या ताटात न जेवणाऱ्या. भादव्यातली तारीख नावांच्या तक्त्यात तशीच राहू दिली, कारण ती खरी होती. पण तिची चाळणी काढून टाकली. जेठात नव्हतं का नाव? होतं. मग जेठातल्या डब्यावर ते राहणारच. ऋतिक मागं उभा राहून बघत होता. म्हणाला, बेसिकली, म्हणजे... आणि पुढं काही म्हणालाच नाही, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं असावं.

जेठाची बेरीज पडद्यावर आली तेव्हा सुनितानं ती परत केली. मग परत. चिमा रोज पहिली होती. एखादा दिवस नव्हे, ती कामावर आली त्या प्रत्येक दिवशी. आणि भोंग्यानं तिला रोज तिसऱ्या-चौथ्या नंबराला ऐकवलं होतं.

शनिवारी टेम्पो फाट्यावर पोचला तेव्हा घोळका होता. पारूनं काय सांगितलं, कसं सांगितलं, ते सुनिताला कधीच कळलं नाही, सोनुबाई चढता चढता एवढंच म्हणाली, "ऐकू तर दे काय म्हनती ती भवानी."

शेडमध्ये बायका टेबलाला बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. मनोजही उभा राहिला आणि कोणाला काही समजलं का ते त्यानं विचारलं नाही. सुनितानं बटण दाबलं.

भोंग्यातल्या बाईनं नव्या शिकवणीप्रमाणे आधी सांगितलं, की ही यादी जेठ महिन्यात भरलेल्या मालाची. आणि मग,

"चीऽमा."

थांबणं आलं. तेच, तेवढंच. पंखा घासत होता. बायका पारूकडे बघत नव्हत्या, पण सगळ्यांचे कान तिच्याकडे लागले होते.

"हाय गं बाय," पारू म्हणाली.

पुढचं अर्धं ती बोलली नाही. ते तिथंच, भोंगा आणि टेबलाच्या मधे, अधांतरी राहिलं.

मग बाईनं आकडा सांगितला. मोठा होता, तिला तो बोलायलाही वेळ लागला, हजार, मग शेकडा, मग पुढचं. मैनाच्या तोंडून 'आगं आयशी' निघालं. सोनुबाई टेबलाच्या टोकाला गेली, रिकाम्या जागेवरून हात फिरवला, भाकरीवरचं पीठ झाडतात तसा, आणि टोपी घालून कामाला बसली. तिच्या मागून बाकीच्या बसल्या. घाटावरच्या टोळीचा विषय त्या दिवशी संपला.

त्यानंतर रोज दोन याद्या व्हायच्या. आधी काल भरलेल्याची, तिला सगळ्या ओ द्यायच्या. मग काल गेलेल्याची, भरणीच्या महिन्यासकट. त्यात चिमा यायची, कधी चार डबे, कधी वीस, आणि पारू हळूच 'हाय गं बाय' म्हणून सोडून द्यायची. मैना कधी कधी म्हणायची, चालली गं म्हातारी मुंबईला, आइस्क्रीम व्हायला. हसायच्या सुद्धा. मात्र नाव आणि आकडा यांच्या मधल्या त्या फटीत अजूनही कोणी खोकायचं नाही.

पौषाच्या सुमाराला शुक्रानं टेम्पो लावला आणि खाली उतरला. म्हणाला, "मागचं चाक बदललं. जांभळं संपली. धाकलूनी सांगाया सांगितलंय."

सुनितानं पारूला बाजूला घेऊन सांगितलं, की उद्या शेवटचं नाव येईल, परवापासून नाही. पारूनं मान हलवली. विचारलं, भिंत कशी दिसते आता? सुनिता म्हणाली, नुसती भिंत. बघायचीय? पारू नको म्हणाली.

शेवटचं नाव आलं, ओ आली, गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनिता केबिनमध्ये चहा घेऊन बसली होती. मिक्सरला ती आता थांबत नसे. फोनमधल्या बाईलाही नाही. दूध उतू जात नव्हतं. भोंग्यानं पहिली यादी सुरू केली. आवळा संपत आला होता आणि बायकांचे हात तुरटीच्या पाण्यानं पांढुरके पडलेले. यादी नेहमीच जास्त भरणारीपासून सुरू व्हायची.

"पाऽरू," बाई म्हणाली, आणि थांबली.

"हाय गं बाय, मेले नाय अजून."

सुनिताचा कप ओठांपाशी थांबला. आवाज टेबलाच्या टोकाकडून आला होता. ती ओढ, 'बाय'वरचा तो ठेका, आणि 'अजून'च्या शेवटी जरासं नाकातून सोडलेलं हसू. काचेतून तिला पारूची फक्त पाठ दिसत होती, डोक्यावरची टोपी, आणि हातमोजा काढून झाकणावर दाबलेला आंगठा.

शेडमध्ये कोणीही मान वळवून बघितलं नाही. सोनुबाईनं आपलं नाव यायच्या आधीच 'हाय' म्हणून टाकलं, आणि मग नाव आल्यावर, परत एकदा.